नेटजवळचा हात

सर्व्हिसचा दुसरा बॉलही नेटमध्ये अडकला, तेव्हा पलीकडून वकीलसाहेब म्हणाले, "असू द्या हो. होतं असं."

चष्मेवाल्यांना ते शब्द थोबाडीत बसल्यासारखे लागले. वर्ष-दीड वर्षापूर्वी याच वकीलसाहेबांनी असा डबल फॉल्ट बघून रॅकेट काखेत मारली असती आणि पोट धरून हसून घेतलं असतं. अहो, त्या नेटनं तुमचं काय घोडं मारलंय, असं विचारलं असतं. कुणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय त्यांना रविवार पचतच नसे. पण गेले काही आठवडे फिरकी बंद होती. वकीलसाहेब समजून घेत होते. त्यांचे जोडीदार मॅनेजर, म्हणजे बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, तेही समजून घेत होते. आणि चष्मेवाल्यांचा स्वतःचा जोडीदार, पुढे नेटजवळ उभा असलेला केमिस्ट, तो तर इतका समजून घेत होता की मागे वळूनसुद्धा बघत नव्हता. माणूस शिव्या पचवतो, टोमणे पचवतो, पण तिघं जण मिळून समजून घ्यायला लागले की त्याचं धाबं दणाणतं. चष्मेवाल्यांचं दणाणलं होतं.

बागेच्या मागच्या अंगाला हे टेनिसचं कोर्ट होतं. सिमेंटचं, जागोजागी तडे गेलेलं. एका तड्यावर बॉल पडला तर तो कुठे उडेल हे सांगण्याची कुणाची छाती नव्हती. तिथे या चौघांचा डबल्सचा खेळ दर रविवारी सकाळी चाले. हरलेल्या जोडीने नेट सोडायचं, नीट गुंडाळायचं आणि कोर्टाशेजारच्या खोलीत नेऊन ठेवायचं, मग चौघांनी कोपऱ्यावर चहाला जायचं, हा शिरस्ता. हल्ली नेट गुंडाळण्याचं काम चष्मेवाले आणि केमिस्ट यांच्याकडे कायमचं लागलं होतं.

चष्मेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चष्म्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती तपासणीची जड चौकट चढवायची, तिच्यात एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, आता चांगलं दिसतं की मघाशी दिसत होतं? उभा जन्म हा एकच प्रश्न विचारण्यात गेला. नाकासमोर चालणारा माणूस, बोलणं बेताचं. आठवडाभर गिऱ्हाइकांशी काचेपुरतं बोलायचं आणि रविवारी या तिघांशी पोटभर, एवढाच काय तो माणसांचा शेजार उरला होता. बाकी घरी चार भिंती. मुलगी लांब, तिच्या संसारात. दर रविवारी दुपारी तिचा फोन येई आणि पहिला प्रश्न ठरलेला: बाबा, आज खेळलात ना? खेळलो म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडे. मग ती आपल्या मुलांचं, नोकरीचं बोले, आणि चष्मेवाले ऐकत बसत.

त्या दिवशी नेट गुंडाळून झाल्यावर वकीलसाहेबांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं. भल्याभल्या साक्षीदारांची बोबडी वळवणारा माणूस, पण त्याला सुरुवात सापडेना. आधी हवेबद्दल बोलले, मग गुडघ्यांबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "आमच्या इमारतीत एक दातांचे डॉक्टर राहायला आलेत. बरं खेळतात. मी म्हटलं, तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्यावी."

"विश्रांती कशाची?" चष्मेवाले म्हणाले. "मी दमलेलो नाही."

"दमण्याचं नाही हो. तुमची सर्व्हिस आली की खेळच थांबतो. केमिस्ट तोंडातून ब्र काढत नाही, पण त्याचं तोंड बघवत नाही आम्हाला."

थोडे दिवस म्हणजे किती दिवस, हे चष्मेवाल्यांना न विचारताच कळलं. एकदा का तो डॉक्टर चौथा म्हणून उभा राहिला की मग पाचव्याला कोण विचारतो? लोक रस्त्यात भेटले की हात करतील, या एकदा म्हणतील, आणि संपलं. मग रविवारही सोमवारसारखाच. मग फोनवर पोरीला काय सांगायचं?

त्यांनी वकीलसाहेबांकडे महिनाभराचे रविवार मागून घेतले. तोवर सर्व्हिस सुधारली नाही, तर मीच डॉक्टरांना फोन करून बोलावतो, असं म्हणाले. वकीलसाहेबांनी घाईघाईने मान डोलावली आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.

टेनिसमध्ये बाकीचे सगळे फटके समोरचा काय पाठवतो त्यावर अवलंबून. त्याने लांब टाकला म्हणून मी धावलो, त्याने कापला म्हणून माझा हुकला, असं म्हणायची सोय असते. सर्व्हिस एकट्याची. बॉल आपल्याच हातातला, वर टाकायचा आपणच, मारायचा आपणच. चुकली तर बिल फाडायला दुसरा कोणी नाही. चष्मेवाल्यांचे बाकीचे फटके वयाच्या मानाने ठीक होते. ही एकच गोष्ट त्यांच्या हातून वर्षभरात निसटत गेली होती, आणि का ते त्यांना कळत नव्हतं.

त्याच कोर्टावर एरवी सकाळी एक तरुण मुलगी लहान मुलांना टेनिस शिकवत असे. मुलं तिला ताई म्हणत. टोपी उलटी, गळ्यात शिट्टी आणि आवाज असा की झाडावरची पाखरं उडावीत. शाळेच्या वेळेला मुलं पांगली की ती इकडेतिकडे गेलेले बॉल गोळा करत फिरे. दुकान उघडायच्या आधी चष्मेवाले तिथे गेले आणि मला सर्व्हिस शिकायची आहे म्हणाले. तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"आधी कधी खेळलाय का काका?"

"तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून खेळतोय. सर्व्हिस बिघडलीय."

"मग शिकवायची नाही, दुरुस्त करायची," ती म्हणाली. "ते जास्त अवघड."

चष्मेवालेही तिला ताईच म्हणू लागले. नातीच्या वयाच्या पोरीला ताई म्हणताना त्यांना संकोच वाटला नाही, उलट बरं वाटलं. कुणाला तरी काहीतरी म्हणायला मिळालं.

पहिले काही दिवस तिने त्यांना बॉल मारूच दिला नाही. त्यांच्या डाव्या पायाच्या पुढे जमिनीवर एक रॅकेट आडवी ठेवली आणि सांगितलं, नुसता वर टाका आणि पडू द्या, त्या रॅकेटवर पडला पाहिजे. बहुतेकांचा बॉल इथेच भरकटतो, कुणाचा डोक्यामागे जातो, कुणाचा बाजूला. चष्मेवाल्यांचा बॉल दर वेळी अलगद रॅकेटच्या तारांवर येऊन पडला. ताई चाट पडली. म्हणाली, हा तर अगदी हातचा मळ आहे तुमच्या, मग बिघडलंय काय? मग तिने मारायला सांगितलं, आणि बॉल नेटमध्ये. पुन्हा मारला, पुन्हा नेटमध्ये.

"बॉल वर जातो ना काका, तो वर पोचला की क्षणभर थांबतो," ती म्हणाली. "थांबला की मारायचा. तुम्ही तो खाली यायला लागल्यावर मारता. कशासाठी थांबता तुम्ही?"

चष्मेवाल्यांनी बरंच आठवून पाहिलं. कशासाठीही थांबत नव्हते ते.

मग तिने आपला फोन कुंपणाच्या जाळीत अडकवला, त्यांच्या सर्व्हिसचं शूटिंग केलं, आणि बाकावर त्यांच्या शेजारी बसून ते सावकाश चालवून दाखवलं.

"खाली काय बघता?" तिने विचारलं.

"मी? छे. मी बॉलकडेच बघतो."

"दुसऱ्यांचे नंबर काढता ना तुम्ही? मग नीट बघा." आणि तिने पुन्हा चालवलं.

त्यांनी नीट पाहिलं. बॉल हातातून सुटला, वर गेला, त्यांची मान वर गेली. मग बॉल वर असतानाच हनुवटी खाली आली, डोळे नेटच्या डाव्या अंगाला गेले, तिथे रेंगाळले, आणि मग घाबरून, उशीर झाल्यासारखे परत वर. तोवर बॉल निम्मा खाली आलेला. पण चष्मेवाले बॉलकडे बघतच नव्हते. ते आपल्या चेहऱ्याकडे बघत होते. जिन्यात ओळखीची पावलं वाजली की माणूस दाराकडे बघतो, तसा तो चेहरा नेटकडे बघत होता.

त्यांना सगळं कळलं.

"सवय असेल," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

नेटच्या डाव्या अंगाला त्यांची बायको उभी राहायची.

टेनिसचं खूळ मुळात तिचंच. लग्नानंतर तिने नवऱ्याला अक्षरशः हाताला धरून या कोर्टावर आणलं होतं. तिला धावायचा कंटाळा, म्हणून ती नेटजवळ उभी राहणार आणि मागची सगळी धावपळ यांनी करायची, अशी वाटणी तिने पहिल्याच दिवशी करून टाकली. वकीलसाहेब आणि मॅनेजर त्या वेळीही समोर असत आणि नवरा-बायकोच्या हातून मार खाऊन जळफळत.

तिच्या खुणा असत. उजव्या हातात रॅकेट, डावा हात पाठीमागे, समोरच्यांना दिसणार नाही असा. मूठ मिटली म्हणजे मी इथेच थांबते. पंजा उघडला म्हणजे मी पलीकडे धावते, तुम्ही माझी जागा सांभाळा. डबल्स खेळणारे सगळेच अशा खुणा करतात, त्यात नवल नाही. पण इतर जोड्यांत खूण आधी होते. मागचा ती बघतो, आणि मगच बॉल वर टाकतो. बाईसाहेबांचं काही केल्या आधी ठरत नसे. यांनी बॉल टाकायला हात उचलला की मग तिचा विचार सुरू होई, आणि बॉल हवेत असताना खूण येई. कधी मूठ होऊन लगेच पंजा होई. यांनी सुरुवातीला चिडून पाहिलं, समजावून पाहिलं. ती म्हणे, अहो, आधी कसं सांगू, आधी मला कुठे माहीत असतं? शेवटी यांनीच आपली सर्व्हिस तिच्यापुरती घडवली. बॉल थोडा उंच टाकायचा, पटकन खाली बघायचं, हात दिसला की वर बघून हाणायचा. अशी सर्व्हिस जगात दुसरं कोणी करत नसेल. पण यांची बसत होती, आणि चांगली बसत होती.

शिवाय तिची एक खूण खेळात न बसणारी होती. करंगळी हलली म्हणजे पुरे झालं, चला घरी. कंटाळा आला, भूक लागली, वकीलसाहेब फारच बडबडायला लागले, की पाठीमागे ती करंगळी वळवळे. मग हे हसू दाबत डाव कसातरी आटोपता घेत. एकदा घरात पडद्यांच्या रंगावरून कडाक्याचं भांडण झालं होतं आणि दोघांचा अबोला चालू होता. तरी रविवारी जोडीने खेळायला आले, कारण समोरच्यांना काय सांगणार? हात मात्र नेहमीसारखा येत होता, मूठ, पंजा, मूठ. आणि अचानक करंगळी. हे खुदकन हसले, सर्व्हिस कुठल्या कुठे गेली, आणि घरी जाताना पडदे तिच्याच रंगाचे घ्यायचे ठरले.

हॉस्पिटलात ती खिडकीकडे तोंड करून पडलेली असे आणि हे मागे स्टुलावर. एका दुपारी चादरीतून तिचा डावा हात पाठीमागे आला आणि करंगळी हलली. यांनी ती पाहिली. डॉक्टरांना विचारतो म्हणाले. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस राहू द्या. त्या दोन दिवसांत ती गेली, आणि घरी आणायची ती तशी आणली.

नंतर केमिस्ट जोडीला आला. चांगला माणूस, पण खुणा वगैरे त्याच्या गावीही नव्हतं. त्याचे दोन्ही हात पुढे, रॅकेटवर. आणि हात दिसला की मारायचा, हे चष्मेवाल्यांच्या अंगात मुरलेलं. हात दिसत नव्हता, म्हणून डोळे तिथे थांबत होते, आणि तेवढ्यात बॉल खाली येत होता. वर्षभर दर रविवारी ते तिची वाट बघत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता.

यातलं ते ताईला काही बोलले नाहीत. ती सांगेल ते करत राहिले. ती म्हणे, हनुवटी वर. फटका बसल्यावरसुद्धा, बॉल गेला तरी, तो जिथे होता तिथेच बघत राहायचं. आणि तोंडाने म्हणायचं, टाक, थांब, मार. चष्मेवाले गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढून टाक, थांब, मार करू लागले. शेजारच्या बाईंनी आपल्या चादरी जरा पलीकडच्या दोरीवर नेल्या. दुकानात एकदा एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काच धरून ते स्वतःशीच टाक, थांब, मार पुटपुटले, तेव्हा ते गिऱ्हाईक खुर्चीतून अर्धं उठलं.

हळूहळू फरक पडला. रिकाम्या कोर्टावर बॉल पलीकडे जाऊ लागले. ताई विचारी, आता चांगली की मघाशी? त्यांचाच प्रश्न ती त्यांच्यावर उलटवी आणि स्वतःच हसे. मग एक दिवस ती म्हणाली, असं रिकामं नाही चालायचं, रविवारी पुढे माणूस असणार. तिने खोलीतून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि नेटच्या डाव्या अंगाला ठेवली.

झालं. सगळं मुसळ केरात. हनुवटी खाली, डोळे खुर्चीवर, बॉल नेटमध्ये. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"ती खुर्ची तेवढी हलवाल का, ताई?"

"नाही काका. रविवारी केमिस्टकाका हलणार आहेत का?"

चष्मेवाले बॉल हातात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, "तिथे माझी बायको उभी राहायची. पाठीमागे हात करून खूण करायची."

"सगळेच करतात. पण खूण आधी बघायची ना, मग बॉल टाकायचा."

"तिचं आधी कधी ठरायचंच नाही."

ताई हसणार होती. त्यांच्या तोंडाकडे बघून थांबली. कधी गेल्या, असं तिने हळूच विचारलं, आणि त्यांनी गेल्या वर्षी म्हणून सांगितलं. ती रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत राहिली. त्या सरळच होत्या.

"काका," ती मग म्हणाली, "सर्व्हिस दुरुस्त झाली तर तुम्ही तिथे बघणार नाही. म्हणजे मी तुम्हाला तेच शिकवतेय. चालेल ना?"

चष्मेवाल्यांनी नेटजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांना वकीलसाहेबांचं "असू द्या हो" आठवलं, रविवारची दुपार आठवली, आणि आज नाही खेळलो म्हटल्यावर फोनमध्ये पसरणारी शांतता आत्ताच ऐकू आली. वाट बघून कोणी येणार नव्हतं. हे तिघं तरी येत होते.

"चालेल," ते म्हणाले. "चालवायलाच हवं." आणि खुर्ची होती तिथेच ठेवून त्यांनी बॉल वर टाकला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दातांचे डॉक्टर बघायला म्हणून आले. नवेकोरे पांढरे बूट, बाकावर पाय पसरून बसलेले, बोलायला गोड. चष्मेवाल्यांना त्यांचा राग करावासा वाटला, पण तेवढाही जमेना. खेळ सुरू झाला, सर्व्हिस त्यांच्याकडे आली. पुढे केमिस्टची रुंद पाठ, घामाने शर्ट चिकटलेला. चष्मेवाल्यांनी ती पाठ एकदा बघून घेतली. मग बॉल टाकला, आणि हनुवटी वर ठेवली.

फटक्याचा आवाज इतका स्वच्छ आला की केमिस्ट दचकला. बॉल पलीकडे पडून वकीलसाहेबांच्या शेजारून गेला तरी त्यांची रॅकेट गुडघ्याशीच होती. पुढची सर्व्हिस मॅनेजरांना. त्यांनी कशीबशी अडवली आणि ती आभाळात गेली. मग पुन्हा वकीलसाहेबांची पाळी, आणि पुन्हा तेच. वकीलसाहेबांनी रॅकेट काखेत मारली, कमरेवर हात ठेवले आणि चष्मेवाल्यांकडे रोखून पाहिलं.

"काय हो, नंबर बदलून घेतलात वाटतं? का आमच्याच डोळ्यांत काही घालून ठेवलंत?"

मॅनेजर खो खो हसले. केमिस्ट कितीतरी आठवड्यांनी मागे वळला, त्याने दात काढले आणि आपली रॅकेट यांच्या रॅकेटवर आपटली. चष्मेवाल्यांना एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ते घाम पुसायच्या निमित्ताने पुसून घेतलं. त्या दिवशी नेट वकीलसाहेबांनी आणि मॅनेजरांनी गुंडाळलं, कुरकुरत गुंडाळलं. दातांच्या डॉक्टरांना चौघांतलं कोणी नसेल तेव्हा पाचवे म्हणून यायला सांगण्यात आलं. चहा पिताना वकीलसाहेबांनी इतक्या दिवसांची तुंबलेली फिरकी एका बैठकीत काढून घेतली. चष्मेवाल्यांच्या टोपीवर बोलले, चालण्यावर बोलले, शिकवणीचं कळल्यावर त्या ताईपुढे हे कसे ओळीत उभे राहत असतील त्याची नक्कल करून दाखवली. चष्मेवाले सगळ्यांत जास्त हसले.

दुपारी फोन आला. नुसता खेळलोच नाही, तर जिंकलोसुद्धा, असं त्यांनी सांगितलं. मुलगी हरखून गेली. सगळं पहिल्यापासून सांगा म्हणाली, आणि त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. खुर्ची तेवढी गाळली.

"आई असती तर..." मुलगी म्हणाली.

"हो ना," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर घर एकदम शांत झालं. त्यांना वाटलं, आज सबंध खेळात आपण एकदाही तिकडे पाहिलं नाही. खुर्चीत टेकून त्यांनी डोळे मिटले आणि तो हात आणायचा प्रयत्न केला. माहीत सगळं होतं. अंगठ्याचं नख दारात सापडून वाकडं झालेलं. करंगळी मुळातच जरा आत वळलेली. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा. एकेक गोष्ट ते स्वतःला सांगत गेले, पण हात काही दिसेना. दर रविवारी क्षणभर का होईना तो आता दिसेल असं वाटत होतं, म्हणून तर डोळे तिकडे जात होते. आता डोळे मिटले की निळं आभाळ दिसे, आणि त्यात वर पोचून थांबलेला बॉल.

सोमवारी ताईची शिकवणी नसे. चष्मेवाले दुकानाच्या आधी कोर्टावर गेले, एकट्याने नेट बांधलं आणि मागच्या रेषेवर येऊन उभे राहिले. त्यांनी मनाशी ठरवलं होतं. सर्व्हिस बिघडली तर बिघडू दे, एकदा नीट खाली बघायचं. त्यांनी बॉल वर टाकला. हनुवटी वरच राहिली. बॉल वर पोचला, थांबला, आणि हाताने त्याला बरोबर गाठलं. तो पलीकडच्या कोपऱ्यात रेषेच्या आत पडला आणि जाळीवर जाऊन आपटला.

त्यांनी दुसरा बॉल घेतला. या खेपेला मान खाली आणायचीच म्हणून दात आवळून टाकला. मान आली नाही. बॉल पुन्हा रेषेच्या आत. ताईने बघितलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या.

ते रॅकेट हातात लोंबकळत ठेवून तिथेच उभे राहिले. मग चालत नेटपर्यंत गेले आणि डाव्या अंगाला, ती उभी राहायची तिथे, पलीकडे तोंड करून उभे राहिले. जागा लहान वाटली. इथून मागचं काहीच दिसत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. मागचा माणूस बघत असेल, एवढं धरूनच इथे उभं राहायचं असतं.

त्यांनी डावा हात पाठीमागे नेला. मूठ मिटली. मग पंजा उघडला. मग करंगळी हलवली, आणि थोडा वेळ तशीच हलवत ठेवली.

मग त्यांनी नेट सोडलं, घडी घालून गुंडाळलं, आणि दुकान उघडायला गेले.